वावरात कोणाचा आवाज लावायचा

हिंगणी, २४ नोव्हेंबर २०२४

दादा,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि तो कागद फाडला. तुझ्यावर प्रेम आहे की नाही ते नंतर बघू, आधी काम सांगते. मला तुझा आवाज हवा आहे. मिनिटभराचा पुरे.

पत्ता नीलेशने दिला. तुझा हा लंगोटीयार फार इमानी निघाला. "फोन नंबर मांगू नको, धनूनं शपथ घातली हाय," म्हणाला. मी विचारलं, पत्त्याची घातली आहे का? थोडा वेळ डोकं खाजवून म्हणाला, "पत्त्याची नाई घातली." मग सिल्वासाची कंपनी, गेट, पिनकोड, सगळं लिहून दिलं.

बाबा गेल्याचं त्यानेच तुला कळवलं होतं, हे मला माहीत आहे. तू तेरवीलाही आला नाहीस, हे गावाला माहीत आहे. त्यावर आज काही लिहीत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, आणि सध्या हरी मी आहे.

तू घर सोडलंस तेव्हा बाबा स्वतः रात्री जागलीला जायचे. मचाणावर बसून डबडं वाजवायचे, रानडुकरांवर आणि रोही-नीलगायींवर ओरडायचे. तू गेल्यावर त्यांचा खोकला वाढला, म्हणून मी भोंगा आणला. भोंगा म्हणजे छोटा लाऊडस्पीकर. फवारणीच्या पंपाची बॅटरी त्याला चालते, आत मेमरी कार्ड बसतं. कार्डात माणसाचं ओरडणं भरायचं, दिवेलागणीला चालू करून घरी यायचं, सकाळी बंद करायचं. तो थांबून थांबून ओरडत राहतो. बोरच्या जंगलाकडच्या निम्म्या वावरांत आता भोंगे आहेत. संध्याकाळी गावाबाहेर उभं राहिलं तर अख्खं गाव एकमेकांशी भांडतं आहे असं वाटतं.

पण डुकरं शहाणी असतात. एकच आवाज रोज ऐकला की त्यांना कळतं, हा नुसता ओरडतो, दगड काही मारत नाही. मग ती भोंग्याखालीच चरतात. म्हणून आपल्या गावात आवाज फिरवतात. रूपरावकाकांचा आवाज आपल्या वावरात, बाबांचा त्यांच्या वावरात, असं. विळा-कुदळ उसनी मागावी तसा आवाज उसना मागतात.

बाबांचा आवाज मी त्यांच्या बटणाच्या फोनवर भरला. पोळा झाला होता, सोयाबीन शेंगेवर होतं. त्या फोनमधली फाइल भोंगा वाचेना. मी सेलूला अंकितच्या मोबाइलच्या दुकानात गेले. तो म्हणाला, "ताई, हे एएमआर हाय. भोंग्याले एमपीथ्री लागते. बदलून देतो. दूध तेच राह्यते, फक्त गंज-भांडं बदलते." बदललेली फाइल पहिलीपेक्षा बरीच मोठी झाली. मला वाटलं, आता आवाजही भरदार येईल. तसं काही नसतं म्हणे. लहान फोनने जेवढं ऐकलं तेवढंच त्यात राहतं. बाबा पत्र्याच्या पेटीत बसून ओरडल्यासारखे वाटतात. शेवटी खोकला येतो आणि खोकल्यानंतर, "झालं न वं? बंद कर आता." ते मला म्हणाले होते. अंकितने विचारलं, कापू का? मी म्हटलं राहू दे, डुकरांना काय कळतं.

दसऱ्यानंतर बाबा कापूस वेचता वेचता बांधावर बसले ते उठलेच नाहीत. माणसं धावली, घरी आणलं. त्या गडबडीत कोणी तरी सवयीने भोंगा लावून आलं. त्या रात्री बाबा ओसरीत निजवलेले आणि वावरातून त्यांचा आवाज. कोणाच्या लक्षात आलं नाही, की लक्षात येऊन कोणाची जाऊन बंद करायची हिंमत झाली नाही, मला माहीत नाही. माझी झाली नाही.

तेरवीच्या आत गावाने बाबांचा आवाज आपापल्या कार्डांतून काढून टाकला. मेलेल्या माणसाचा आवाज वावरात ठेवत नाहीत म्हणे. आपल्या वावरात तो अजून लागतो, कारण आई काढू देत नाही. इकडे हरभरा वीतभर झाला आहे आणि डुकरं बाबांना ओळखू लागली आहेत. रूपरावकाका कार्ड घेऊन आले होते. आई म्हणाली, "परक्याचा आवाज माह्या वावरात नाई." मग मी माझा भरला. घसा फाटेस्तोवर ओरडले, दादा, आणि चांगला झाला होता. आई म्हणाली, "पोरीचा आवाज रातभर वावरात? लोक काय म्हनतीन?" सासर सोडून आले तेव्हा लोक जे म्हणायचं ते म्हणून मोकळे झाले, आता काय उरलं आहे? पण तिच्याशी कोण वाद घालणार. शेवटी ती म्हणाली, "धनूचा लाव. बापाच्या जाग्यावर पोराचाच पाह्यजे."

म्हणजे मी इथे आहे आणि माझा आवाज चालत नाही. तू नाहीस आणि तुझा चालतो.

तर माझा नंबर तोच आहे. व्हॉट्सअॅपवर पाठव. हाऽट् हाऽट्, हुर्र, जे येईल ते. शिव्या चालतात, इथे सगळेच घालतात. आईची काळजी करू नकोस, आई ठीक आहे.

आकांक्षा

हिंगणी, १५ डिसेंबर २०२४

दादा,

पत्र पोचलं असणार. स्पीड पोस्टाच्या पावतीवरून बघता येतं, मी बघितलं. तुझ्याच नावाने सही आहे.

खालच्या पट्टीत डुकरं शिरली. हरभऱ्याला फुलं धरली होती. नांगर फिरवावा तशी माती उकरून ठेवली आहे. वर भोंग्यातून बाबा ओरडत होते आणि खाली त्यांचा कार्यक्रम चालला होता. तारेत करंट सोडा असं लोक सांगतात. बाबांनी कधी सोडला नाही, मीही सोडणार नाही. त्यात एखादं लेकरू सापडायचं.

मागच्या पत्रात आई ठीक आहे लिहिलं होतं. ठीक म्हणजे चालते, बोलते, कापूस निवडते. पण संध्याकाळी ओसरीत बसून वावराकडे कान लावते आणि बाबांशी बोलते. सुरुवातीला मला वाटलं, बायका मेलेल्या नवऱ्याशी बोलतात तसं. तसं नाही. ती उत्तरं देते. ते ओरडले की म्हणते, "हो, तिकडून आले वाट्टे." ते खोकले की म्हणते, "मफलर नेला नाई तुमी." आणि ते "बंद कर आता" म्हणाले की माझ्याकडे बघून म्हणते, "बंद काऊन नाई करत वं? थकले ते."

मी सांगितलं, आई, बाबा गेले, हे कार्ड आहे. कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. नखाएवढी वस्तू. ती बघत राहिली, मग म्हणाली, "हे तं कार्ड हाय. मी कुठी म्हनतो का कार्ड नाई म्हनून?" आणि संध्याकाळी पुन्हा तेच. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टरीणबाई चांगली होती. म्हणाली, दुःखात असं होतं, वयही आहे, वाद घालू नका, हळूहळू सवय बदला. गोळ्या दिल्या आहेत. आता सवय बदलायची म्हणजे बाबांचा आवाज बदलायचा, आणि आई फक्त तुझ्यासाठी बदलू देते. आता सांग, मी हरभऱ्यासाठी मागते आहे की कशासाठी?

आणखी एक. ते रिसॉर्टवाले पुन्हा येऊन गेले. तोच माणूस, ज्याच्यापायी तू आणि बाबा अंगणात एकमेकांवर धावून गेलात. तू तेव्हा म्हणत होतास, विकून टाका, जंगलाकाठची शेती म्हणजे डुकरांची चाकरी. बाबा म्हणाले, मी जिवंत असेपर्यंत नाही. खरं सांगू? तू चुकीचं बोलत नव्हतास. मी तेव्हा गप्प बसले, कारण घरी नुकतीच परत आले होते आणि ज्याच्या घरात राहायचं त्याच्या बाजूने बोलायचं असतं. आज मला विचारलं तर मी उद्या सही करीन आणि आईला घेऊन वर्ध्याला दोन खोल्यांत राहीन. पण सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं आहे आणि आई म्हणते, "हे वावरात हायेत, मी कशी इकू?"

बाबांच्या जागी पोराचा आवाज आला तर तिच्या लेखी बाबा जागलीतून सुटून घरी येतील, मग ती त्यांना माझ्यासारखं मनातून जाऊ देईल, असा माझा हिशेब आहे. वेडा असेल. तुझ्याकडे दुसरा शहाणा असेल तर तो कळव.

तू मला काही लिहू नकोस, विचारू नकोस. फक्त ओरडून पाठव. एवढं तर तुला येतं.

आकांक्षा

हिंगणी, २९ डिसेंबर २०२४

दादा,

आला.

अनोळखी नंबरवरून आला, एक शब्द लिहिलेला नव्हता, पण पहिल्या 'हाऽट्'लाच कळलं. मी गिरणीत दळण घेऊन उभी होते. तिथेच ऐकला. गिरणीवाला म्हणाला, कोणाले भांडून राह्यला हा? मी म्हटलं, माझा भाऊ आहे.

तुझा आवाज बाबांसारखा झाला आहे, हे तुला कोणी सांगितलं का? तू गेलास तेव्हा नव्हता. 'हुर्र' करताना शेवटी जो गळा चिरतो तो त्यांचाच. मला तिथे रडू आलं आणि पिठाच्या हाताने डोळे पुसले. घरी येईपर्यंत माझं काय भूत झालं होतं ते लोकांनी बघितलं.

व्हॉट्सअॅपची फाइल वेगळीच निघाली, तीही भोंग्याला चालेना. पुन्हा अंकित. तो म्हणाला, "ताई, आता तुमी सोताच शिका, दर खेपेस बसभाडं काऊन घालता?" त्याने फोनमध्ये एक अॅप टाकून दिलं. फाइल निवडायची, एमपीथ्री म्हणायचं, वाट बघायची. एक खूण फिरत राहते आणि तुझा आवाज एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जातो. अंकितने एवढं बजावलं की मूळ फाइल पुसू नका, आणि बदललेली पुन्हा पुन्हा बदलू नका, दर वेळी आवाज थोडा झिजतो. बाबांची मूळ फाइल मी त्याच्याचकडून दोन ठिकाणी ठेवून घेतली.

तुझ्या आवाजाच्या शेवटी कोणी तरी हसतं. तुझ्या खोलीतला असेल. विचारतो, "किसको भगा रहा है भाई?" आणि तू म्हणतोस, "घर पे जानवर आते हैं." तेवढं मी भोंग्यासाठी कापलं. पण माझ्याकडे पूर्ण आहे. तू 'घर पे' म्हणालास. गाव पे म्हणाला असतास तरी चाललं असतं. मी ते खूप वेळा ऐकलं, दादा.

काल संध्याकाळी मीच लावून आले. आई ओसरीत बसली होती. तुझी पहिली आरोळी आली आणि ती उठून उभी राहिली. मला वाटलं आता पडते. पण तिने पदर सावरला, चेहरा असा झाला की तसा बाबा गेल्यापासून मी पाहिला नव्हता. म्हणाली, "पोरगा जागलीले आला. आता बाप घरी येईन." मग चुलीवर पाणी ठेवलं आणि मला म्हणाली, तू जेवून घे. कितीतरी दिवसांनी तिने मला जेव म्हटलं.

डुकरं फिरकली नाहीत. सकाळी बांधावर एकसुद्धा खूर नव्हता.

तुझे उपकार लिहिणार नाही, आवडणार नाही तुला. पण एकदा आईला फोन कर. या नंबरवर मी केला, तो लागत नाही.

आकांक्षा

हिंगणी, १४ जानेवारी २०२५

दादा,

तीळगूळ. गोड बोलायची सक्ती आहे, म्हणून आज गोड लिहिते.

हरभऱ्याला घाटे भरले आहेत. रूपरावकाका बांधावरून बघून म्हणाले, "धन्यानं बसल्या जागी वावर राखलं." त्यांना तुझा आवाज उसना हवा होता, मी दिला नाही. म्हटलं, या हंगामात तो आमचाच.

आई बरी आहे. खरंच बरी आहे. बाबांचं नाव काढत नाही, न काढता रडते, आणि डॉक्टरीणबाई म्हणाली ते चांगलं लक्षण आहे. पहाटे उठते, स्वयंपाक तीच करते. झुणका, भरीत, भाकरी. तिची भूकही वाढली आहे. दोघींच्या मानाने भाकरी जास्त लागतात, मी मुद्दाम काही विचारत नाही. संध्याकाळी जरा फिरायला जाते, भोंग्याची बॅटरी लावणं आणि सकाळी काढून आणणंही तिनेच घेतलं आहे, तेही चांगलंच.

वर्ध्याला एका शाळेच्या वसतिगृहात देखरेखीसाठी बाई हवी आहे. राहायला खोली देतात, आईला बरोबर ठेवता येईल. मी हो म्हणून आले आहे. हरभरा निघाला की आईशी बोलीन. तिने विक्रीवर सही केली तर निम्मे पैसे तुझे, ते तुझे आहेतच, बाबांच्या रागाने ते बदलत नाही.

आणखी एक आवाज पाठवून ठेव. वेगळा, खालच्या सुरात. डुकरांनी याला ओळखायच्या आत बदलायला हवा. आणि फोन, दादा. एक फोन.

आकांक्षा

हिंगणी, २ फेब्रुवारी २०२५

दादा,

मागच्या पत्रात एक गोष्ट मी जाणूनबुजून अर्धीच लिहिली. मला तेव्हाच शंका होती, पण संक्रांतीच्या दिवशी मन होईना, आणि मला ते वर्ध्याचं स्वप्न मोडायचं नव्हतं.

आई संध्याकाळी फिरायला जात नव्हती. डबा घेऊन वावरात जात होती.

परवा मी तिच्या मागे गेले. तिने भोंग्याच्या खांबाशी फडकं अंथरलं, डबा उघडून ठेवला, शेजारी पाण्याची बाटली. वरून तू ओरडत होतास. ती वर बघून म्हणाली, "पुरे झालं रे. दोन घास खाऊन घे, मग वरडजो." तू पुन्हा ओरडलास. ती थोडी थांबली, मग म्हणाली, "मी असल्यावर नाई खात हा. जातो मी." आणि घराकडे निघाली. वाटेत मी तिला गाठलं. लपवावं असं तिला काहीच वाटलं नाही. मला म्हणाली, "राग हाय अजून त्याच्या मनात. घरी येत नाई. पन जेवते बिचारा. डबा रोज साफ असते."

मी म्हटलं, आई, दादा सिल्वासाला आहे. हा त्याचा आवाज आहे, मी फोनमधून कार्डात भरला, तू बघितलंस ना? ती म्हणाली, "आवाज हाय मंग मानूस नाई काय? मानसाबिगर आवाज कुठून येईन?" आणि मला वेड्यात काढल्यासारखी हसली.

सकाळी उजाडताच मी तिच्या आधी गेले. डबा खरंच साफ होता. भाकरीचा तुकडा नाही, झुणक्याचा थेंब नाही. फडकं चिखलात तुडवलेलं. आणि खांबाभोवती सगळीकडे खूर. मोठ्यांचे, पिलांचे.

तुझा डबा डुकरं खात होती, दादा. गावात जो आवाज महिनाभर चालतो तो आपल्याकडे आठवड्यात निकामी झाला असणार, कारण आईने त्यांना रोज जेवायला बोलावलं. तुझी आरोळी ऐकून पळायचं सोडून ती आता तुझी आरोळी ऐकून येतात. जेवण झालं की पुढे हरभरा असतोच. वरच्या पट्टीत मी कित्येक दिवस पाय ठेवला नव्हता, तुझ्या आवाजाच्या भरवशावर होते. निम्मं वावर गेलं आहे. कडेने उभं दिसतं, आत शिरलं की मोकळं.

आईला दाखवलं. हात धरून खूर दाखवले. तिने बघितलं आणि म्हणाली, "एवढे आले तं रातभर झगडला असन त्याच्यासंगं. लागलं तं नाई न त्याले?"

मी तिथेच ढेकळांत बसले आणि मोठ्याने रडले, आणि ती मला गप्प करू लागली.

दुसरा आवाज तू पाठवला नाहीस. बरं झालं.

आकांक्षा

हिंगणी, २० फेब्रुवारी २०२५

दादा,

हरभरा गेला. जे वाचलं ते उपटून आणलं, अंगणात एक ढीग आहे, गाईपुरता. त्याचं मला फार दुःख नाही, हे लिहायला लाज वाटते, पण नाही. ज्याच्यासाठी हा उद्योग मांडला ते पीक संपलं आणि उद्योग माझ्या गळ्यात राहिला.

मी डबा बंद करायचा प्रयत्न केला. पीठ लपवलं. आईने शेजारून आणलं, आणि शेजारणीला सांगितलं की पोरगी भावाला उपाशी ठेवते. मग मी भोंगाच लावला नाही. एका संध्याकाळी म्हटलं, बॅटरी बिघडली. दिवेलागण झाली, वावर गप्प. आई ओसरीतून अंगणात, अंगणातून रस्त्यावर आली. बाबा गेले तेव्हा ती आवाज काढून रडली नव्हती, आठवतं? तुला कसं आठवेल, तू नव्हतास. तेव्हाचं सगळं रडणं तिने त्या संध्याकाळी रस्त्यावर बसून रडलं. तुझं नाव घेऊन, मेलेल्या माणसाचं घेतात तसं. बायका जमल्या. रूपरावकाका मला म्हणाले, "आकांक्षा, जाय बाई, लाव तो भोंगा. पुढचं पुढं पाहू." मी धावत गेले, बॅटरी जोडली. तू ओरडलास. तिने डोळे पुसले आणि बायकांना म्हणाली, "जित्ता हाय."

तेव्हापासून मी रोज लावते. राखायला वावरात आता काडी नाही, तरी सकाळी बॅटरी काढून आणते, चार्ज करते, संध्याकाळी जोडते. गाव आधी हसलं, आता हसत नाही. वर्ध्याच्या वसतिगृहाने दुसरी बाई घेतली. रिसॉर्टवाला आला होता, आईने त्याला बांधावरूनच परत पाठवलं. "माह्या पोराले इचार, तो वावरातच हाय," म्हणाली. तो वावराकडे बघू लागला. भर दुपार होती, भोंगा बंद होता, काहीच नव्हतं तिथे.

ज्याला हे वावर नको होतं त्याच्याच नावाने ते आता अडकून पडलं आहे.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधीचा गोळ्यांचा कागद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, मुलगा येऊ शकेल का? समोर दिसला, हाताला लागला, तर कदाचित ती आवाजाला सोडेल. कदाचित म्हणाल्या, खात्री दिली नाही. मीही देत नाही.

म्हणून हे शेवटचं मागणं. आवाज पाठवू नकोस. पाठवलास तर मी तो बदलून कार्डात भरणार नाही. फोनही नको, त्याने ती तुला आणखी कुठे तरी शोधायला जाईल. तू ये. बाबांच्या रागाला आता कोणी वाली नाही, माझा राग मी आवरीन. तुला वावराकडे जायचं नसेल तर अंगणापर्यंत ये. तिच्याशी भांड, जमिनीचा विषय काढ, उपाशी आहे म्हण, काहीही म्हण, पण तोंड समोर ठेवून म्हण. ती तुझ्या चेहऱ्यावरून हात फिरवील आणि बारीक झाला म्हणेल. तेवढं सहन कर.

मी थकले आहे, दादा. हे मी कोणापाशी बोलले नाही. दिवेलागणीला बॅटरी जोडताना तुझा आवाज अगदी माझ्या कानाशी सुरू होतो आणि रोज मी दचकते, जरी मीच तो चालू करते.

डुकरांचं येणं बंद झालं आहे, कारण खायला डब्याशिवाय काही उरलं नाही, आणि डब्यासाठी एखाददुसरंच येतं. ते तुझ्या आवाजाखाली निवांत बसून खातं. त्याला केव्हाच कळलं आहे की तिथे तू नाहीस. आई आत्ता चुलीपाशी बसून तुझ्या भाकरी थापते आहे.

आकांक्षा